११४ संगणकांवर व्हीएलसी: एमएसआय पॅकेजचा माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आणि आठ शाखा मिळून ११४ संगणक आहेत. सगळे एकाच डोमेनवर, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळले जाणारे, आणि कर्मचाऱ्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. नवे सीसीटीव्ही एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करायला लागले आणि शाखांचे फोन सुरू झाले, "मॅडम, फुटेज लावलं की नुसता काळा पडदा येतो." विंडोजच्या प्लेअरला त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कोडेक, म्हणजे असे फॉरमॅट उलगडणारे भाग, आधीपासूनच असतात आणि परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यामुळे ऑफिसात वापरायलाही पैसे लागत नाहीत.

इन्स्टॉल करायची फाइल व्हिडिओलॅनच्या, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेच्याच साइटवरून घ्या, हे मी कळकळीने सांगते. २०२२मध्ये ही साइट भारतात बरेच महिने उघडत नव्हती. व्हिडिओलॅनने सरकारला कायदेशीर नोटीस दिली, तेव्हा नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली. त्या काळात आम्ही डोमेनवर नव्हतो. ज्याला जिथून मिळेल तिथून त्याने व्हीएलसी उतरवलं, आणि तीन लॅपटॉपवर सोबत आलेले टूलबार काढण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला. आता फाइल उतरवली की तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा ओळख-आकडा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघते, मगच पुढचं काम.

नेहमीच्या ईएक्सई फाइलसोबत एमएसआयही मिळते, म्हणजे अनेक मशीनवर एकदम बसवता येणारं पॅकेज, आणि आमच्यासारख्यांना तीच हवी. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली, ग्रुप पॉलिसीत (डोमेनवरच्या सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावणारी विंडोजची सोय) कॉम्प्युटरला 'असाइन' केली, मशीन रीस्टार्ट झालं की लॉगिनच्या आधीच इन्स्टॉल. पहिल्या दिवशी मात्र एकाही मशीनवर काही झालं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एरर १६१२ दिसला, म्हणजे फाइलपर्यंत पोचताच येत नाही. फोल्डर वाचायची परवानगी मी फक्त माणसांच्या खात्यांना दिली होती. हे इन्स्टॉलेशन मशीन स्वतःच्या खात्याने करतं, म्हणून 'डोमेन कॉम्प्युटर्स'लाही परवानगी लागते. ती दिली आणि दुसऱ्या सकाळी मुख्य कार्यालयातल्या सगळ्या डेस्कटॉपवर व्हीएलसीचं चिन्ह, केशरी शंकू दिसला. फार बरं वाटलं.

दोन शाखा तरीही राहिल्या. तिथली लाइन संथ आहे, आणि वेग ५०० केबीपीएसच्या खाली गेला की ग्रुप पॉलिसी सॉफ्टवेअर बसवणं आपणहून टाळते. संथ लाइनवरही बसवायची मुभा देणारी सेटिंग चालू केली आणि फाइलची एकेक प्रत त्या शाखांच्या सर्व्हरवर ठेवली. त्या दोन शाखांसाठी वेगळी पॉलिसी करावी लागली, पण काम झालं.

माझा सगळ्यात जास्त वेळ सेटिंगनी घेतला. व्हीएलसी प्रत्येक वापरकर्त्याची सेटिंग त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या 'व्हीएलसीआरसी' फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर प्रत्येकाला प्रायव्हसीबद्दल पसंती विचारणारी खिडकी दिसते. पुढे नवी आवृत्ती आल्याची सूचनाही येते, आणि अधिकार नसल्यामुळे कर्मचारी गोंधळून मला फोन करतात. मी एका मशीनवर दोन्ही गोष्टी बंद केल्या आणि तिथली फाइल ग्रुप पॉलिसीच्याच 'प्रेफरन्सेस' या भागातून सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये पाठवली. 'एकदाच लागू करा' वर खूण करायला विसरू नका. नाहीतर कुणी स्वतःसाठी सबटायटलचा आकार वाढवला असेल, तर पॉलिसी पुन्हा लागू होताना तो पुसला जातो. आमचे एक वयस्कर शाखाधिकारी आहेत, त्यांना मोठी अक्षरं लागतातच.

सूचना बंद केली की अपडेटची जबाबदारी आपल्यावर येते. प्लेअर बाहेरून आलेल्या फाइली उघडतो, त्यामुळे जुनी आवृत्ती ठेवणं मला पटत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साइट बघते. नवी एमएसआय आली असेल तर आधी माझ्या आणि लेखा विभागातल्या दोन मशीनवर आठवडाभर चालवते, मग पॉलिसीत जुनीच्या जागी अपग्रेड म्हणून जोडते.

व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते. ११४ मशीनवर आम्ही फुकट वापरतोय, तर थोडी देणगी द्यावी असा अर्ज मी व्यवस्थापक साहेबांकडे दिलाय. पुढच्या संचालक बैठकीत तो विषय येणार आहे.