गंगापूर की नांदूर मध्यमेश्वर : शरदातल्या दुर्मीळ पाहुण्यांसाठी कुठे जावे?

नाशिकमध्ये राहून पक्षी पाहणाऱ्यांना सप्टेंबर सरत आला की दर वर्षी एकच प्रश्न पडतो: रविवारची सकाळ गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर घालवावी की नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर? डिसेंबर-जानेवारीत या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, कारण तेव्हा नांदूरला मुक्कामी पक्ष्यांची इतकी गर्दी असते की निर्णय आपोआप होतो. खरी अडचण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धाची असते. या काळात अनेक पक्षी अजून वाटेतच असतात, आणि त्यांच्यातला एखादा वेगळा पाहुणा दोन-चार दिवस टेकून पुढे निघून जातो. या दोन्ही पाणथळींवर मी शरदाचे अनेक हंगाम काढले आहेत. पुढचे मत त्या अनुभवातून आलेले आहे, मोजणीतून नव्हे, एवढे लक्षात घेऊन ते वाचावे.

गंगापूरची बाजू हलकी नाही. शहरातून तिथे अर्ध्या तासात पोहोचता येते, त्यामुळे रविवारच कशाला, कामावर जाण्याआधीही तासभर उभे राहता येते. दुर्मीळ पक्षी बहुधा त्यालाच दिसतो जो एकच जागा वरचेवर पाहतो, कारण रोजचे पक्षी डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळा पक्षी वेगळा वाटत नाही. या दृष्टीने जवळच्या जागेचे मोल फार मोठे आहे. शिवाय पाण्याभोवतीचे माळ आणि पश्चिमेकडे त्र्यंबकच्या दिशेने चढत जाणारे डोंगर यांमुळे शिकारी पक्ष्यांसाठी गंगापूर मला नांदूरपेक्षा सरस वाटते. खरूची, भोवत्ये आणि सापमार गरुड यांच्यासाठी मी आजही तिथेच जातो. नोव्हेंबरात अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे आणि तिथून आफ्रिकेकडे जातात. त्यांची आशा धरून आकाशाकडे पाहत बसायचे असेल, तर गंगापूरचा मोकळा माळ सोडून साठ किलोमीटर जाण्याचे कारण मला दिसत नाही.

पाण्यावरच्या पक्ष्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला तो इथेच आहे. गंगापूर हे १९६५ साली पूर्ण झालेले, सुमारे साडेपाच टीएमसी क्षमतेचे धरण आहे आणि पावसाळा बरा झाला तर ऑक्टोबरात ते काठोकाठ भरलेले असते. शहराच्या दृष्टीने ही समाधानाचीच गोष्ट आहे. पण पाणी काठापर्यंत असले की चिखलपट्टा उघडा राहत नाही, आणि चिखलपट्टा नसला की टिलवे आणि तुतवार या चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही. बदके येतात, पण ती काठापासून दूर, फुगवट्याच्या मध्यावर थवा करून बसतात. त्यात काठाला माणसे आणि वाहने आली किंवा पाण्यात बोट फिरू लागली की थवा आणखी आत सरकतो. मग दुर्बिणीतून दिसतात ते फक्त तपकिरी ठिपके.

हे अंतर हिवाळ्यात एक वेळ चालते, शरदात चालत नाही. वीण संपल्यावर बदकांचे नर आपली रंगीत पिसे गाळतात आणि काही महिने मादीसारखेच मळकट दिसतात. भुवई बदकाच्या नराला तर पांढरी भुवई पुन्हा दिसायला बराच हिवाळा जावा लागतो. म्हणजे ऑक्टोबरात थव्यातला जवळजवळ प्रत्येक पक्षी तपकिरी असतो, आणि त्या थव्यात बायकल बदक या दुर्मीळ पाहुण्याची मादी आलेली असली तरी तिची ओळख चोचीच्या मुळाशी असलेल्या गोल पांढऱ्या ठिपक्यावर अवलंबून असते. तसाच, पण कमी रेखीव ठिपका भुवई बदकाच्या मादीलाही असतो. पाचशे मीटरवरून हा फरक सांगता येत नाही. स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) असला तरी ऑक्टोबरच्या उन्हात नऊ वाजल्यानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि प्रतिमा विरघळल्यासारखी दिसते. गंगापूरहून परतताना माझ्या वहीत ‘बहुधा’ हा शब्द जितक्या वेळा लिहिला गेला, तितका तो नांदूरच्या नोंदींत कधीच आला नाही. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ‘बहुधा’ म्हणजे नोंद नाहीच, आणि हाच त्रास मला शेवटी असह्य झाला.

नांदूरचा बंधारा गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा, शतकाहून जुना आणि गाळाने उथळ झालेला आहे. जलसाठा म्हणून हा त्याचा दोष असेल, पण पक्ष्यांसाठी तेच त्याचे वैभव आहे. २०१९ साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, होण्याचा मान त्याला मिळाला, त्यामागे हेच उथळ पाणी, गवताळ बेटे आणि चिखल आहे. इथे पक्षी काठाजवळ चरतात. लहान टिलव्याचे काळे पाय आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर पाय साध्या दुर्बिणीतून वेगळे ओळखता येतात. वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांच्या आणि हळदी-कुंकू बदकांच्या नेहमीच्या गर्दीत एखादा अनोळखी पक्षी असेल, तर तो हलेपर्यंत त्याच्याकडे नीट पाहून घेता येते.

अर्थात नांदूरलाही आपल्या अडचणी आहेत. शहराकडून वाहत आलेल्या पानवेली कधी कधी चांगला चिखलपट्टाच झाकून टाकतात. रविवारी पक्षी निरीक्षणाच्या मनोऱ्यावर गर्दी असते, म्हणून मी मनोऱ्यापेक्षा काठाने चालणे पसंत करतो. सर्वांत मोठी अनिश्चितता पाण्याच्या पातळीची आहे. तुटीच्या वर्षी समन्यायी वाटपासाठी, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्यपणे वाटण्यासाठी, वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले जाते आणि ते याच बंधाऱ्यावरून पुढे जाते, त्यामुळे ऐन हंगामात सारा चिखल पाण्याखाली जाऊ शकतो. अशा आठवड्यात तिकडे जाणे मी टाळतो. विसर्गाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत येते, ती आदल्या दिवशी पाहून घ्यावी.

ज्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा बाहेर पडणे शक्य आहे, त्यांना माझा निष्कर्ष कदाचित पटणार नाही. त्यांच्यासाठी गंगापूरची जवळीक निर्णायक ठरू शकते, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण महिन्यातून दोन सकाळी मिळणार असतील आणि मनात दुर्मीळ पाणपक्षी असतील, तर त्या दोन्ही नांदूरला द्याव्यात, आणि उजाडताना काठावर असू अशा बेताने अंधारातच निघावे. अपवाद एकच आहे. पाऊस कमी होऊन गंगापूर भरलेच नाही, तर त्या वर्षी ऑक्टोबरात तिथेही चिखलाची रुंद पट्टी उघडी पडते. अशा वर्षी आधी गंगापूर पाहावे आणि पट्टी दिसली तर नांदूरची फेरी पुढच्या आठवड्यावर टाकावी.