घरून काम करणाऱ्यांसाठी घेतलेलं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर, जवळजवळ वर्षभर वापरून

रिन्यूअलचा मेसेज बँकेकडून आला म्हणून लिहायला बसले. रक्कम १५ हजाराच्या वर असल्याने ओटीपी टाकल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत, हे बरंच आहे, कारण मी तो टाकणार नाहीये. सुरुवातीला ह्याच सॉफ्टवेअरला मी चार स्टार दिले होते, आता दोन. स्क्रीनशॉट, टायमर, कुठलं अ‍ॅप किती वेळ उघडं होतं, हे सगळं असल्या सॉफ्टवेअरमध्ये असतं ते तुम्हाला माहीत असणार, त्यामुळे ती यादी देत बसत नाही. मला मुख्य बोलायचंय ते त्या 'आयडल' बद्दल.

आमचं अकाउंटिंगचं छोटं काम आहे, ऑफिस गोव्यात म्हापशाला, आठ माणसं आणि त्यातली सहा घरून करतात. एक साखळी गावात, एक वाळपईच्या पुढे, एक पेडण्यात, एक काणकोणला आणि दोघी सावंतवाडीहून. क्लायंट म्हणजे हॉटेलं, फार्मसी, हार्डवेअरवाले. आमच्या कामाला जीएसटीच्या तारखा आहेत, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी येतो म्हणजे क्लायंटच्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. काम झालं की नाही ते तारीख सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

आता आयडल म्हणजे काय तर पाच मिनिटं माऊस किंवा कीबोर्ड हलला नाही की स्क्रीनवर खिडकी येते, तुम्ही काम करताय का, आणि मिनिटभरात उत्तर दिलं नाही की टायमर बंद आणि मागची पाच मिनिटं पण कापली जातात. आमची साखळीची जी आहे ती २बी आला की क्लायंटचं पर्चेस रजिस्टर प्रिंट काढते आणि पेन्सिलीने एकेक बिल टिक करत जाते. ऑफिसमधलं सगळ्यात बारीक काम तिचं. एका हॉटेलचं एकच बिल दोनदा एंट्री झालेलं तिनेच असं कागदावर पकडलं, नाहीतर खरेदीवर दिलेल्या कराचं चुकीचं क्रेडिट (वजावट) घेतलं गेलं असतं आणि पुढे व्याजासकट परत करायला लागलं असतं. त्या दिवसाचा तिचा रिपोर्ट काय म्हणतो, प्रॉडक्टिव्हिटी चाळीस टक्क्यांच्या आसपास, लाल रंगात. आणि दुसरा एक जण जो दिवसभर एक्सेल वरखाली करत होता आणि ज्याच्या एंट्र्या दोन दिवस मागे होत्या तो नव्वदच्या वर, हिरवा!

फोनचं तर त्याहून वाईट. अकाउंटिंगमध्ये अर्धं काम फोनवर होतं, बिलं पाठवा, स्टेटमेंट पाठवा, हा आकडा कसला, हे चेक कोणाचे. हॉटेलचा मॅनेजर फोनवर मिळाला की पंधरा-वीस मिनिटं त्याला सोडायचं नसतं. ते सगळं मोबाईलवर, म्हणजे सगळं आयडल. पेडण्याची मुलगी मला म्हणाली, "मॅडम, फोनवर बोलताना मी एका हाताने माऊस हलवत बसते, मग समोरचा आकडा सांगतो तो लिहू कुठल्या हाताने?" हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी पगार देते तो आकडा नीट लिहून घ्यायला देते. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केला म्हणून काढलं होतं. मला वाटतं मोजायचंच जर माऊसचं हलणं असेल तर माणसं माऊसच हलवणार, त्यात त्यांना दोष देता येत नाही.

मग सपोर्टला लिहिलं की आयडलची मर्यादा पाच मिनिटांवरून तीस करा नाहीतर बंद करा. उत्तर आलं, ते सेटिंग वरच्या प्लॅनमध्ये मिळेल. मी परत लिहिलं की बाबांनो मी जास्तीचं काही मागत नाहीये, आहे ते काढून टाका म्हणतेय. परत तेच उत्तर, नुसतं खालचं नाव बदललेलं. एखादी गोष्ट बंद करायचे जास्त पैसे घ्यायचे हा हिशोब मला अजूनही पटत नाही. त्यात मध्येच एक मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, त्याची सीट, म्हणजे एका माणसाचं लायसन्स, रिकामी झाली, तर वर्षाच्या प्लॅनमध्ये सीट कमी होत नाही म्हणून तिचे पैसे पण गेले. भाव माणशी महिना पाच डॉलरच्या आसपास, ऐकायला कमी वाटतात, पण डॉलरमध्ये म्हणून कार्डाचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनावरचा बँकेचा आकार, वेगळा, आणि कंपनी बाहेरची म्हणून १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जमा क्रेडिटमधून न वळवता पैशातच भरायचा. क्रेडिट मिळतं हो, पण पैसा आधी आपल्या खिशातनं जातो. घेणाऱ्यांनी हे धरून हिशोब करा.

स्क्रीनशॉटबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला वाटलं होतं, असू दे, कोण बघतंय. मग एकदा सहज उघडून पाहिलं तर एका क्लायंटचं अख्खं बँक स्टेटमेंट, खातं नंबर आणि पॅन सकट, परदेशातल्या सर्व्हरवर चित्र होऊन पडलेलं. लोकांच्या खाजगीपणाचा प्रश्न तर आहेच, पण इथे क्लायंटने विश्वासाने दिलेला कागद पण बाहेर जातोय. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही मोकळीक आहे, पण ती माझ्या माणसांच्या माहितीपुरती, क्लायंटची बँक त्यात बसत नाही असं माझं मत. स्क्रीनशॉट त्याच दिवशी बंद केले, नशीब ते बटण खालच्या प्लॅनमध्ये होतं.

आता जे चांगलं ते पण सांगते. क्लायंटप्रमाणे तास. प्रत्येकाने काम सुरू करताना क्लायंटचं नाव निवडायचं आणि महिन्याच्या शेवटी कुठल्या क्लायंटला किती तास गेले ते कळतं. कांदोळीच्या एका रेस्टॉरंटला आम्ही बाकीच्यांच्या तिप्पट वेळ देत होतो आणि फी तीच, हे मला इतकी वर्षं आकड्यात कधी दिसलंच नव्हतं. कागद पुढे ठेवला, त्यांनी फी वाढवून दिली. दुसरं म्हणजे ऑफलाइन टायमर. पावसात सत्तरी तालुक्याकडे तारेवर माड पडला की वीज कधी येईल सांगता येत नाही, नेट तर त्याआधीच जातं, पण लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत टायमर चालू राहतो आणि नेट आलं की सगळं वर चढतं, एकदाही तास हरवले नाहीत. हे खरंच सुंदर केलंय. म्हणून दोन स्टार, नाहीतर एकच दिला असता.

तर माणसं घरून काम करतात की नाही ते बघायचं कसं? मालक म्हणून मला पण काळजी असते, ते नाकारत नाही. २०१०-११ मध्ये शांघायच्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर नऊ महिने प्रयोग झाला होता, घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, बरंचसं कमी ब्रेक आणि कमी आजारपणाच्या रजांमुळे. तिथे कॉल मोजले होते. आमच्याकडे मोजायला रिटर्न आहेत, बिलं आहेत. मी एक साधी गूगल शीट केली, एकेका ओळीत एकेक क्लायंट, पुढे रकान्यांत बिलं आली, एंट्री झाली, २बी जुळला, ११ चं रिटर्न, २० चं रिटर्न, आणि शेवटचा रकाना 'अडकलंय कुठे'. सकाळी मी सगळ्यात आधी तो शेवटचा रकाना वाचते, कारण तिथे बहुतेक वेळा क्लायंटला मी स्वतः फोन करायची गरज असते, मुलींनी कितीही केले तरी काही हॉटेलवाले मालकाचाच फोन उचलतात. शीट फुकट आहे.

वेळेचं एवढंच ठरलंय, दहा ते एक फोन उचलायचा, बाकी ज्याचं त्याने बघावं. वाळपईची पहाटे पाचला बसते, मुलाची शाळा सुटेपर्यंत तिचं निम्मं काम झालेलं असतं. दुपारी तर गोव्यात दुकानं बंदच, क्लायंटला फोन करून उपयोग नाही, मग आमच्या लोकांना खुर्चीवर बांधून ठेवून मला काय मिळणार. संध्याकाळी सातनंतर मी फोन करत नाही, फक्त १० आणि १९ तारखेची रात्र सोडून, आणि ते सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. पोर्तुगालमध्ये २०२१ च्या शेवटी कायदाच केला की कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला मालकाने संपर्क करायचा नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण पाळायला कोणी अडवलेलं नाही. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आठवड्यात तर रिटर्नची तारीख जवळ असली तरी आधीच वाटणी करून घेतो, माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) बांधायच्या दिवशी कोणाला लॅपटॉप उघडायला लावत नाही.

नवीन माणसाचं वेगळं. नवख्याला पहिल्या दिवसापासून मोकळं सोडलं तर तो चुकतो आणि घाबरून सांगत पण नाही. म्हणून रोज तासभर स्क्रीन शेअर करून बरोबर बसायचं, मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. मी बघतेय हे त्याला माहीत असतं, चोरून काही नाही. त्या शांघायच्या प्रयोगात शेवटी जवळजवळ निम्म्यांना परत ऑफिसात यावंसं वाटलं, एकटेपणामुळे, आणि ते आमच्याकडे पण दिसतं. म्हणून महिन्यातून एका शुक्रवारी सगळ्यांना बोलावते, त्या दिवशी म्हापशाचा बाजार असतो, सावंतवाडीच्या दोघी पण खुशीने येतात, काम अकराला संपवून मग बाजार.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी स्क्रीनशॉट पहिले बंद करा, क्लायंटप्रमाणे तास चालू ठेवा, आणि प्रॉडक्टिव्हिटीचा टक्का कर्मचाऱ्याबरोबरच्या बोलण्यात कधी काढू नका, पगारवाढीला तर मुळीच नको. घ्यायचा विचार असेल तर सपोर्टला आधी लेखी विचारा, आयडल बंद होतं का आणि वर्षाच्या मध्ये सीट कमी होते का. क्लायंटच्या तासांची फाईल मी कालच डाउनलोड करून ठेवलीय, खातं बंद झालं की ती मिळेल की नाही ह्याचं सरळ उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही.