माझंच कार्ड मला 9,500 रुपयांना विकलं: इंदुरात ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी

एकूण 14,800 रुपये गेले. टेस्टिंगचे 500, रीबॉलिंगचे (चिप उचलून परत बसवण्याचे) 4,800 आणि ‘रीफर्बिश्ड’, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेल्या, कार्डाचे 9,500. हे रीफर्बिश्ड कार्ड म्हणजे माझंच जुनं कार्ड. पंखे आणि वरचं प्लॅस्टिक तेवढं बदललेलं, मागचं स्टिकर खरवडलेलं. दुकान इंदुरातलंच. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी लक्षणं, कारण सगळी लबाडी तिथूनच शिरते. माझ्या संगणकात आय-5 10400एफ प्रोसेसर, जीटीएक्स 1660 सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि पाच वर्षं चाललेला 450 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. गेम किंवा रेंडर लावला की काही मिनिटांत सगळं एकदम बंद. पंखे, दिवे, काही नाही. समोरचं बटण दाबून सुरू होत नाही; मागचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं, मग पुन्हा चालू. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41. आता हा 41 काही रोगाचं नाव नाही; यंत्र नीट शटडाउन न होता गेलं एवढंच तो सांगतो. पण मागचा स्विच बंद केल्याशिवाय न उठणं म्हणजे एसएमपीएसच्या आतलं संरक्षण लॅच झालंय, म्हणजे वीज तोडून तसंच अडकून बसलंय, ही साधी खूण आहे.

कार्ड खरोखर जात असेल तर चित्र वेगळं दिसतं. पडदा काळा होतो पण पंखे फिरत राहतात, कधी पूर्ण वेगाने भणाणतात, गाणं ऐकू येत राहतं. बायॉसच्या लोगोवरच रंगीत चौकोन किंवा उभ्या रेघा दिसल्या तर मेमरी चिपवर संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 43 (विंडोजने कार्ड थांबवल्याची खूण) येतो, ड्रायव्हर थांबून परत उठल्याच्या नोंदी सापडतात. कार्डात थेट शॉर्ट असेल तर तेही यंत्र पाडतं हे खरं, पण असं कार्ड बहुधा सुरूच होऊ देत नाही. वीस मिनिटं गेम खेळू देऊन मग पडत नाही.

हे सगळं माहीत असून दुकानात का गेलो, असं विचारणारे भेटतातच. प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे, म्हणजे त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं तर पडदाच येत नाही. दुसरं कार्ड आणि दुसरा एसएमपीएस घरात कपाटात कोण ठेवतं? मल्टिमीटर लावला होता. एसएमपीएसच्या 12 व्होल्टच्या पिवळ्या-काळ्या तारेवर रिकाम्या वेळी 12.06, लोडवर 11.8. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाची मर्यादा पाच टक्के, म्हणजे 11.40 ते 12.60, त्या हिशेबाने दोन्ही आकडे पास. पण मीटर सरासरी दाखवतो, मिलिसेकंदात बसणारा गचका त्याला दिसतच नाही. तो बघायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ची पाटी लावणाऱ्याकडे तो असेल असं समजणं काही मूर्खपणा नाही.

आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणली की यंत्र टिकत होतं, हेही दुकानदाराला सांगितलं. त्यावर पठ्ठ्याचं उत्तर तयार: “वही तो भिया, चिप लोड नहीं ले रही.” वाक्य अर्धं खरं वाटतं, म्हणूनच ते फसवतं. या चाचणीचा पुढचा भाग असा: कार्ड 70 टक्क्यांवरच ठेवा आणि सोबत प्रोसेसरवर पूर्ण भार टाका. ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्राममध्ये दोन्हीवर एकदम भार टाकणारी पॉवर टेस्ट आहे. कार्डावरचा भार तेवढाच राहूनही यंत्र पडलं, तर बोट एसएमपीएसकडे. दुकानात एवढं करायला वीस मिनिटं लागली असती. केलं नाही, कारण एसएमपीएस बदलण्यात चारशे-पाचशे सुटतात आणि कार्डात हजारो.

आता ती वेळ, जी आठवली की डोकं भणभणतं. त्याने माझं कार्ड स्वतःच्या बेंचवर, स्वतःच्या एसएमपीएसवर लावलं. लोगो स्वच्छ आला. विंडोज आलं. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. आणि डेस्कटॉप दिसतो न दिसतो तोच त्याने स्विच खाली केला. “अभी ठंडी है, गरम होते ही जाएगी.” अरे, मग गरम कर ना! फरमार्कची भार-चाचणी लाव, पंधरा मिनिटं मी उभा राहतो. जे कार्ड दुसऱ्या एसएमपीएसवर सरळ चालतंय ते मेलेलं कसं? आणि माझ्या कॅबिनेटमध्ये त्याचं कार्ड लावून एकदाही पाहिलं नाही. उलटसुलट चाचणीचा अर्धा भाग माझ्या डोळ्यांसमोर झाला, त्याचं उत्तरही समोर होतं, आणि ते त्याने स्विचसकट खाली केलं. काउंटरवर चार गिऱ्हाईकं ताटकळत उभी, तो दोन फोनवर बोलतोय. अशा गर्दीत कोण हट्ट धरतं?

रीबॉलिंगबद्दल. चिप बोर्डावरून उचलायची, जुनं कथील साफ करायचं, स्टेन्सिलवर नवे गोळे बसवून परत लावायची. काम झालं असेल तर चिपभोवती फ्लक्सचा (डाग देताना लावायच्या रसायनाचा) काही ना काही माग राहतो, थर्मल पेस्ट ताजी असते, पॅड नवे असतात. माझ्याकडे परत आलं ते “रीबॉलिंग फेल” एवढं वाक्य. कार्ड दाखवलं ते लांबून, हीटसिंकसकट, आणि 4,800 परत नाहीत, कारण “रिस्क कस्टमरची”. तसंही बऱ्याच कार्डांत बिघाड चिपखालच्या गोळ्यांत नसतो, चिपच्या आतल्या बारीक जोडांत असतो. तिथे रीबॉलिंगने काही होत नाही. हीट गनने शेकून कार्ड काही दिवस जिवंत करणारेही आहेत. ते दुरुस्तीसाठी शेकत नाहीत, विकण्यासाठी शेकतात.

मग एक्स्चेंज. मेलेलं कार्ड 2,000 ला ठेवून घेतो, त्याच मॉडेलचं रीफर्बिश्ड 11,500 ला देतो, वरचे 9,500 रोख द्या, ऑनलाइन दिलेत तर जीएसटी लागेल. बिल म्हणून पॅडवरचा कागद: मॉडेल आणि रक्कम, बाकी कोरा. सिरियल नंबर नाही, सही नाही.

घरी लावलं, लोड टाकला, पुन्हा तेच: धप्प. शेवटी 4,250 चा नवा 550 वॉटचा एसएमपीएस आणला आणि आजार संपला. हे 4,250 मी फसवणुकीत धरत नाही, ते लागणारच होते. एसएमपीएसच्या जुन्या डब्यात 12 व्होल्टच्या बाजूचे दोन कपॅसिटर फुगलेले निघाले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मं होतं. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच तापलेली, डब्याच्या आत काय असेल? (तो डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 ते 400 व्होल्ट डीसी काही काळ राहू शकतो.)

कार्ड तेच आहे हे कळलं यूयूआयडीवरून. बिघाड सुरू झाला तेव्हापासून एनव्हिडिया-एसएमआय या कमांडचा लॉग फाइलमध्ये साठवत होतो, त्यात कार्डाचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, येतो. तो प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. पंखे बदला, स्टिकर खरवडा, तो बदलत नाही. नव्या कार्डाच्या लॉगमध्ये तोच आकडा, अक्षर न् अक्षर. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय, मोकळी जागा, डॅश आणि मोठा एल एवढं टाकलं की दिसतो. दुकानात जायच्या आधी त्याचा फोटो काढा. आज काढा.

हा पुरावा घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न: “पैसे तुम्ही स्वतः दिले ना?” दुसरा: “तुमचंच कार्ड तुम्हाला परत मिळालं, मग चोरी कसली?” यूयूआयडी म्हणजे काय हे सांगेपर्यंत साहेब जेवायला गेले. मग म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. तुझंच सामान मेलंय असं खोटं सांगून तेच तुला विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच मागितली तर “नंतर या”. तिथून सायबरच्या टेबलावर पाठवलं, तिथे उत्तर की व्यवहार ऑनलाइन नाही. संगणकाचं प्रकरण म्हणून पाठवलं, रोख दिले म्हणून परत! एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल दिलंच नाही हीच तर तक्रार आहे, असं लिहून कळवलं. उत्तर: कागदपत्रं अपुरी, तक्रार बंद. बंद झाल्याचा मेसेज मात्र तत्परतेने आला, सोबत आमच्या सेवेला तारे द्या अशी विनंती.

बिल न देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, हे तिथे कुणाला माहीत नसावं किंवा माहीत असून कंटाळा असावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. ठाण्यात पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. पोस्टाची पावती तरी हातात राहते.

एसएमपीएस घेताना डब्यावरचे मोठे वॉट वाचू नका, 12 व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि बाराने गुणा. ‘450 वॉट’ लिहिलेल्या स्वस्त डब्यावर 20 अँपिअर असेल तर तो 240 वॉटचाच. 10400एफ काही वेळ 134 वॉटपर्यंत ओढतो, 1660 सुपर 125, बोर्ड-डिस्क वेगळे, बेरीज करा. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून कार्डाला वीज देणारा जोड फुकट मिळाला तरी लावू नका, त्याच्या पिना आधी तपकिरी होतात आणि मग वितळतात. भिंत आणि संगणकाच्या मधे यूपीएस लावलेला असेल तर आधी तो काढून थेट भिंतीवरून चालवून पाहा; 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटपर्यंतच भार पेलतो.

हिरवी-काळी तार पेपरक्लिपने जोडून “देखिए, चालू है, एसएमपीएस ओके” असं कुणी दाखवलं तर मान डोलवू नका. डबा सुरू होतो एवढंच त्यातून कळतं, भार घेतो की नाही ते नाही. कार्ड देण्याआधी मागच्या-पुढच्या बाजूचे फोटो काढा, एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. “दो घंटे में फोन करता हूँ, छोड़ जाओ” म्हणाला तर कार्ड पिशवीत घालून दुसरं दुकान शोधा. आणि कितीही मेलेलं असो, जुनं कार्ड एक्स्चेंजमध्ये देऊ नका. दोन हजारांसाठी तुम्ही त्याला माल आणि पुरावा दोन्ही देता.