दोन स्विच स्टॅक करून वापरताना : काही महिन्यांनंतरचा अनुभव

सर्व्हर आणि स्टोरेजसाठी १० गिगाबिटचे दोन नेटवर्क स्विच स्टॅक करून (म्हणजे एकमेकांना जोडून एकच स्विच असल्यासारखे) वापरायला लागून आता बरेच महिने झाले आहेत. प्रत्येक सर्व्हरची एक केबल एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला, आणि दोन्हींचा मिळून एलएसीपीचा (अनेक केबली एकच जोडणी म्हणून बांधणाऱ्या प्रोटोकॉलचा) एक गट अशी मांडणी आहे. पूर्वीही दुहेरी केबल होतीच. परंतु लूप (डेटा गोल गोल फिरत राहणे) टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल त्यांपैकी एक मार्ग बंद ठेवत असे. आता दोन्ही मार्ग एकाच वेळी कामाला येतात.

मात्र दहा आणि दहा वीस हा हिशेब सरसकट लागू होत नाही. फ्रेमचा (डेटाच्या तुकड्यांचा) क्रम बिघडू नये म्हणून एका कनेक्शनच्या सगळ्या फ्रेम हॅशनुसार (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यानुसार) एकाच केबलवरून जातात. त्यामुळे आमचा रात्रीचा बॅकअप, जो एकाच कनेक्शनवर चालत असे, १० गिगाबिटच्या वर कधीच गेला नाही आणि शेजारची केबल जवळजवळ रिकामी राहिली. हॅशमध्ये मॅक (नेटवर्क कार्डाच्या) पत्त्यांऐवजी आयपी पत्ते व पोर्ट क्रमांक घेतले आणि बॅकअप अनेक समांतर कनेक्शनमध्ये विभागला, तेव्हा भार नीट वाटला गेला. हे सेटिंग सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे करावे लागते, कारण पाठवणारी बाजूच केबल निवडते.

एका स्विचची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा एखाद-दुसरा पिंग (जोडणी तपासणारा संदेश) चुकला आणि चालू कामे सुरूच राहिली. ही खात्री मला वेगापेक्षा मोलाची वाटते. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर जोडणारे उपकरण) असेल तर मात्र पलीकडची केबल तुटूनही अलीकडचा दिवा हिरवाच राहू शकतो. अशा वेळी एलएसीपीचा संथ टायमर दोष ओळखायला ९० सेकंदांपर्यंत घेतो, तर जलद टायमर ३ सेकंदांत गट सावरतो. आम्ही सर्वत्र जलद टायमरच ठेवला आहे.

खरी उणीव वेगळीच आहे. स्टॅकमध्ये स्विच दोन असले तरी त्यांचा मेंदू एकच असतो, आणि आमच्या मॉडेलमध्ये फर्मवेअर (स्विचमधले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलताना दोन्ही स्विच एकदम रीस्टार्ट होतात. म्हणजे हार्डवेअर बिघडले तर संरक्षण आहे, सॉफ्टवेअर बिघडले तर नाही. मजल्यावरच्या संगणकांसाठी हे चालते. पण स्टोरेजसाठी, दोन ठिकाणचे कॉन्फिगरेशन सांभाळण्याचे कष्ट पत्करूनही, मी एमलॅगच (दोन वेगळ्या स्विचवर मिळून एक गट बांधण्याची पद्धत) निवडेन, कारण त्यात प्रत्येक स्विच स्वतंत्र राहतो आणि अपग्रेड एकेक करून उरकता येते.