बोडीपासून झांस्करपर्यंत : ड्राय बॅग दहा महिने वापरल्यानंतर

पहिले वस्तू सांगतो. 40 लिटरची ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी न शिरणारी पिशवी, जाड पीव्हीसी कापडाची, नारंगी रंगाची. तोंड गुंडाळायचं आणि बकल लावायचं, चेन कुठेच नाही. मागच्या डिसेंबरात नागपूरला 1,700 रुपयांना घेतली. आधी गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मग ऑगस्टच्या शेवटी लडाखमधल्या झांस्कर नदीवर राफ्टिंगचे पाच दिवस, आणि आता परत घरी, असे दहा महिने झाले. हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापणीला आलं आहे, तरी वेळ काढून लिहितो आहे, कारण मी शोधत होतो तेव्हा मला महिनोन्‌महिने वापरून लिहिलेलं काही सापडलं नव्हतं.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेकाठचे. पाण्याची भीती नाही, पण झांस्करचं पाणी आपल्या ओळखीचं नाही हे आधीच समजून घेतलं. पदुमपाशी दोडा आणि त्साराप या दोन धारा मिळून ही नदी होते आणि लेहच्या अलीकडे निम्मूला सिंधूला जाऊन मिळते. मधे खोल, अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. आमच्याकडे वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लेहला 100 च्या आसपास. म्हणजे वाळवंटच, फक्त थंड. नदीत वाहतं ते सगळं वितळलेल्या बर्फाचं पाणी. हिवाळ्यात हीच नदी गोठते आणि लोक तिच्यावरून चादर ट्रेक करतात. 2024 मध्ये निम्मूहून पदुममार्गे हिमाचलमधल्या दारचापर्यंतचा रस्ता जोडला गेला, त्यामुळे घळ पूर्वीइतकी तुटलेली नाही. पण राफ्टवर बसल्यावर तुमच्याजवळ असतं तेवढंच तुमचं. संध्याकाळी काठावर उतरलात आणि झोपायची पिशवी ओली निघाली, तर त्या थंडीत कोरडं दुसरं काही मिळत नाही. म्हणून मी बॅगेला एवढं महत्त्व देतो.

धानाची रोवणी (लावणी) आटोपल्याशिवाय आम्हाला निघता येत नाही, म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा ठरला. हातात आठ महिने होते. मी ठरवलं की जे फाटायचं, गळायचं, तुटायचं ते इथेच, बोडीत.

पहिल्याच दिवशी चुकलो. बॅग गळ्यापर्यंत कपड्यांनी भरली, तोंडाला एकच घडी बसली, बकल लावलं आणि बोडीत टाकली. दहा मिनिटांनी काढली तर वरचे दोन शर्ट ओले. आमच्या इथले एक ढिवर काका काठावर जाळं विणत बसले होते. ते म्हणाले, "धानाच्या बोऱ्यात पन्नी घाल न बाबू, सतराशे रुपये काहाले?" मला वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कपड्यांऐवजी आत जुनी वर्तमानपत्रं भरायला लागलो. कागदावर थेंब पडला तरी डाग दिसतो, आणि डाग कुठे आहे त्यावरून पाणी तोंडातून आलं की बुडातून, ते कळतं.

पंधरा-वीस वेळा करून हात बसला तो असा. बॅग तीन चतुर्थांशच भरायची. तोंडाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सपाट ठेवून पुसायच्या, वाळूचा एक कणही मधे नको. गुडघ्याने दाबून हवा काढायची. मग पट्टी एकाच दिशेने घट्ट, कमीत कमी तीन वेळा गुंडाळायची, चौथी बसली तर फारच बरं. घडीत चुणी राहिली तर तिथूनच पाणी आत येतं, कारण सगळं काम त्या घडीच्या दाबावर आहे. हवा काढण्याचं आणखी एक कारण मला लेहला पोचल्यावर कळलं. आमचं गाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजारांवर. माझ्यासोबत आणखी एक छोटी ड्राय बॅग होती, घरी बंद केलेली ती बॅग तिथे पुरीसारखी फुगली होती. बाहेरचा हवेचा दाब कमी, आतली हवा तेवढीच. ती भर उन्हात तशीच ठेवली असती तर शिवणीवर ताण आला असता.

फेब्रुवारीत बुडाला गळती सुरू झाली. दोष माझा, भरलेली बॅग मी घाटाच्या सिमेंटवरून ओढत न्यायचो. भोक डोळ्याला दिसत नव्हतं. मग सायकलचा पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं केलं. बॅगेत हवा कोंडली, तोंड बंद केलं आणि अंगणातल्या टपात बुडवून हळूहळू फिरवली. बुडाच्या जोडावर एका जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक वर यायला लागले. तिथे पेनाने गोल केला. पंक्चरवाल्याने रबराचा तुकडा लावून दिला, तो चार दिवसांत सुटला. पीव्हीसीला रबराचं सोल्युशन धरत नाही. शेवटी तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. फ्लेक्सही पीव्हीसीचाच, आणि ते लोक गरम हवेच्या गनने त्याचे जोड वितळवून चिकटवतात. त्या पोराने ट्रकच्या ताडपत्रीचा पंज्याएवढा तुकडा, कोपरे गोल कापून, गरम करत करत बसवला आणि वरून रूळ फिरवला. तीस रुपये घेतले. तो तुकडा आजपर्यंत हललेला नाही.

छोट्या बॅगेचा अनुभव मात्र वाईट आहे. ती 10 लिटरची, पातळ नायलॉनची, ऑनलाइन मागवलेली. मे महिन्यात टिनाच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली होती. आमच्याकडचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. बाहेर 45 असलं तर टिनाखाली हात लावता येत नाही. जूनमध्ये उघडली तर आतला लेप कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून हाताला आला. कापड दिसायला चांगलं होतं, पण त्यातून पाणी चाळणीसारखं जात होतं. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. मग छोटीसुद्धा पीव्हीसीचीच घेतली. लेपाच्या पातळ बॅगा विदर्भात ठेवायच्या असतील तर मातीच्या खोलीत, सावलीत, घडी न घालता ठेवा. पीव्हीसीसुद्धा उन्हात एकमेकाला चिकटते, मी आत थोडी टाल्कम पावडर भुरभुरतो.

लाइफ जॅकेट नदीवर राफ्टिंगवाले देतात, हेल्मेट आणि वेटसूटही देतात. तरी मी सरावासाठी एक साधं जॅकेट घेतलं आणि ते पैसे वाया गेले नाहीत. पट्टे सैल असले तर जॅकेट तरंगतं आणि माणूस त्याच्या आत खाली सरकतो. पट्टे आवळल्यावर मागून कोणी खांद्याला धरून वर ओढायचं. जॅकेट कानाशी आलं तर पुन्हा आवळा. हे काम माझ्या धाकट्या भावाने रोज केलं. ढिवर काकांनी त्यांच्या डोंग्यातून मला बोडीच्या मधोमध सोडायचं, आणि मी पाठीवर पडून, पाय पुढे, बोटं पाण्याच्या वर ठेवून तरंगायचं. वाहत्या पाण्यात पडल्यावर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. वाचून कळतं, पण शरीर आपोआप पाय टेकवायला बघतं. ती सवय मोडायला मला महिना लागला. सराव बोडीत करा, वैनगंगेत धरणाच्या खाली कधीच नको. दारं केव्हा उघडतील आणि पाणी केव्हा वाढेल याचा नेम नसतो.

वल्हं मारणंही डोंग्यातच शिकलो. राफ्टच्या वल्ह्याला वर टी आकाराची मूठ असते, ती तळहाताने सतत झाकलेली हवी. हात सुटला तर ती शेजाऱ्याच्या दातावर बसते. जोर दंडाने नाही, कमरेतून लावायचा. हे रोवणीत वाकलेल्या माणसाला लवकर जमतं, असं मला वाटलं.

कपड्यांचं सांगायलाच पाहिजे, कारण इथे आपली सवय उलटी पडते. आम्ही उन्हाळाभर सुती दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळतो. कूलरची वाळ्याची जाळी करते तेच तो दुपट्टा करतो. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि गारवा लागतो. लडाखची हवा कोरडी, वर वारा. तिथे ओलं सुती कापड तोच गारवा तुमच्या छातीवर करतं, आणि बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या माणसाला तो झेपत नाही. माझ्या सामानात पहिले चार सुती बनियन होते. सगळे काढले, पॉलिस्टरचे दोन आणि लोकरीचा एक घेतला. नदीतले कपडे वेगळे, काठावरचे वेगळे. काठावरचे ड्राय बॅगेतून दिवसा काढायचे नाहीत. दुपट्टा मात्र नेला, कोरडाच. ऊन तिथे फार लागतं, दुपारनंतर घळीतून समोरून वारा येतो आणि रेती डोळ्यांत जाते.

बूट मागून पट्टा असलेले, बोटं झाकणारे घ्या. साधी सँडल मी बोडीच्या गाळातच एक गमावली.

लेहला दोन दिवस काहीच केलं नाही. पाणी प्यायलो, हळू चाललो, पहिल्या रात्री डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी थांबलं. ते दोन दिवस वाचवू नका, आणि गोळ्या-औषधांचं आपल्या डॉक्टरांनाच विचारून निघा.

नदीवर तिसऱ्या दिवशी राफ्ट आडवी होऊन एका दगडाला टेकली. गाइड "हाय साइड" ओरडला, म्हणजे सगळ्यांनी दगडाच्या बाजूला झेप घ्यायची, नाहीतर वरून येणारं पाणी राफ्ट उलटवतं. सगळे गेले, माझा पाय निसटला आणि मी पाण्यात. थंडीने श्वासच अडला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पण मी पाठीवर होतो, पाय पुढे होते आणि बोटं मला दिसत होती. पुढच्या शांत पाण्यात त्यांनी दोरी टाकली. वर ओढल्यावर मला पहिले आमची बोडी आठवली आणि रडू आलं, ते लपवलं नाही.

बॅगेचा हिशेब असा. पाच रात्रींपैकी चार रात्री आतलं सगळं कोरडं. चौथ्या दिवशी निघायची घाई होती, पट्टी पुसली नाही, दोनच घड्या घातल्या. झांस्करचं पाणी राखेसारख्या बारीक गाळाचं असतं, तो पट्टीत बसला आणि स्वेटरची एक बाही तळहाताएवढी भिजली. बकलमध्येही हा गाळ बसतो, रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने काढायचा. खांद्याचे पट्टे बारीक आहेत, भरलेली बॅग घेऊन अर्धा किलोमीटर चाललो तर खांदे दुखतात. डी-रिंग, म्हणजे पट्टा अडकवायची कडी, गंजली नाही. रंग एका बाजूने फिकटला आहे.

2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सातबारा, पासबुकं, आईच्या दवाखान्याचे कागद सगळे लगद्यासारखे झाले होते आणि पुढचं वर्षभर मी नकला काढत फिरलो. ते सगळे कागद आता या नारंगी बॅगेत आहेत, चार घड्या घालून, मधल्या खोलीत पाटाईला टांगलेले. मागच्या आठवड्यात काकांनी तिच्या बुडाचा तुकडा नखाने उचकून पाहिला आणि विचारलं, "असी एक मले किती का भेटन गा?"