डेसोजेस्ट्रेल ७५ : आठ महिने घेतली, आता केमिस्टशी भांडून लिहितेय

मागच्या गुरुवारी केमिस्टने माझी नेहमीची गर्भनिरोधक गोळी म्हणून कागदात गुंडाळून दिलेली स्ट्रिप घरी येऊन उघडली, तर आत २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी गोळ्या. तशीच उलट पावली परत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ताई, सेमच आहे, सगळ्या बायका हीच नेतात." अरे, सेम असती तर डॉक्टर मॅडमनी मला वेगळी कशाला लिहून दिली असती? तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या, आणि पांढऱ्यांत इस्ट्रोजेन. मला अर्धशिशी उठायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो. अशा बाईने इस्ट्रोजेन घेतलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो. त्यात बाळ अजून अंगावर पितंय. म्हणून मला डेसोजेस्ट्रेल, फक्त प्रोजेस्टिन या एका हार्मोनची. २८ च्या २८ कामाच्या, मध्ये सुट्टी नाही. घरात पाच शिल्लक होत्या म्हणून निभावलं.

गोळीवर मात्र माझा आता राग नाही. आधी होता, भरपूर होता.

पहिले तीन महिने नुसते डाग. पाळी म्हणावी तर तीही नाही. चार दिवस कोरडे, मग अकरा दिवस थेंब थेंब. दोन थेंबांसाठी अख्खं पॅड टाकायचं माझ्या जिवावर येतं. एका महिन्यात पॅडचा खर्च गोळीच्या वर गेला, तेव्हा जुन्या सुती परकराच्या घड्या शिवून घेतल्या. (त्या अजून आहेत, उत्तम आहेत.) मॅडम म्हणाल्या, ही या गोळीची सगळ्यात नेहमीची तक्रार, डाग पडले म्हणजे गोळी लागू पडत नाही असं नाही. पटलं नव्हतं. तांबी पुन्हा बसवावी असंही वाटून गेलं, पण मोठ्याच्या वेळी बसवली तेव्हा पाळीला जे धो धो जायचं ते आठवलं आणि गप्प बसले.

चौथ्या महिन्यात सगळंच थांबलं. सुटले म्हणावं, तर वेगळीच धडकी! घरी तपासायची किट तीनदा आणली, तीनही वेळा एकच रेघ. पैसे पाण्यात. मॅडम हसल्या, "अगं, आत अस्तरच जाड होत नाही, तर बाहेर येणार काय?" ही गोळी बहुतेक वेळा बीज सुटूच देत नाही, शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट करते. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर किटचे पैसे वाचले असते.

वेळेचं म्हणाल तर जुन्या मिनी पिलला (तीही फक्त प्रोजेस्टिनचीच) उशिराची तीन तासांचीच सवलत असायची, हिला बारा तास. मला वाटलं, बारा तास म्हणजे चैन. साताऱ्याच्या लग्नाला गेलो आणि स्ट्रिप पुण्यात फ्रिजवर. रात्री साडेनऊची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला घेतली, म्हणजे साडेचौदा तास उशीर. आतल्या कागदावर लिहिलंय, पुढचे सात दिवस कंडोम. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण नीट घेतली तर वर्षाला शंभरात एखादीलाही दिवस जात नाहीत, आणि नेहमीच्या विसरभोळेपणासकट साधारण सात जणींना जातात. त्या सातांत मला बसायचं नव्हतं. गोळीनंतर तीन-चार तासांत उलटी झाली तरी ती चुकलीच समजायची, हेही त्याच कागदावर.

साडेनऊचा अलार्म तेव्हापासून सासूबाईंच्या फोनवर आहे. त्यांची बीपीची गोळी त्याच वेळेला असते. सुरुवातीला मी कॅल्शियमची म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "कॅल्शियमला कोण एवढं घड्याळ बघतं? आमच्या वेळी माला डी होती, ती मीही पिठाच्या डब्यामागे ठेवायचे."

शेवटी तिसऱ्या दुकानात मिळाली. ट्यूबलाइटखाली धरून नाव वाचलं, तारीख वाचली, दोन स्ट्रिप घेतल्या. घरी आले तर सासूबाई विचारतात, "दोनच? आणि माझी बीपीची?"