जिताड्याचं कालवण एक नंबर, बाकी काचेखाली बघा

रविवारी अलिबागहून परत येताना पोयनाडच्या अलीकडे एका घरगुती खानावळीत थांबलो, मी, बाबा आणि धाकटा भाऊ. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे आणि माणसं चांगली आहेत.

आधी जेवण. जिताड्याचं कालवण अप्रतिम, तळ्यातला जिताडा मासा, वाटण जाडंभरडं, लसूण दाबून, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात. सोलकढी मात्र पाणीच. थाळी ३८० ला, जिताड्याच्या मानाने ठीक. पण ताट यायला ५० मिनिटं लागली, आणि त्याला निम्मे जबाबदार आमचे बाबा.

झालं असं की तिथल्या टेबलांवर काचेखाली जुनी निवडणूक चिन्हं लावलीयत, पिवळी पडलेली चिटोरी, कडा वाळवीने खाल्लेल्या. आमच्या टेबलावर बैलजोडी, झोपडी, वडाचं झाड आणि पणती. बाबांनी विचारलं, हे कुणाचं काय, की गल्ल्यावरचे काका उठून आले आणि बसलेच. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत म्हणे मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगडच नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बहुतेकांना वाचता येत नव्हतं मग दुसरं करणार काय, चित्र म्हणजेच पक्ष.

काकांची थिअरी अशी की, "घर एकच होतं, चुली वेगळ्या झाल्या." बैलजोडी म्हणजे काँग्रेस, थोरलं घर. वडाचं झाड समाजवाद्यांचं, ते १९३४ पासून काँग्रेसच्याच पोटात स्वतःचा पक्ष करून राहत होते, घरात राहून वेगळा डबा म्हणा ना. १९४८ ला काँग्रेसने नियम केला की पक्षात वेगळा पक्ष चालणार नाही, तेव्हा नाशिकला ठरवून ते बाहेर पडले. आपले जेधे, मोरे यांच्या शेकापचं (शेतकरी कामगार पक्ष) पण तसंच, आधी काँग्रेसमध्येच गट, मग फारकत, आणि १९५० ला दाभाडीला मार्क्सवादाचा ठराव. झोपडी कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाची, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हेच काँग्रेसचे अध्यक्ष, १९५० ला त्याच खुर्चीसाठी टंडनांकडून हरले आणि १९५१ ला बाहेर. ऐकताना मला आमचं श्रीवर्धनचं घर आठवलं, सामायिक फणसावरून दोन काका २० वर्षं बोलत नाहीत, पण गणपती एकच.

निकालात ४८९ पैकी ३६४ थोरल्या घराला, वडाला १२, झोपडीला ९. मग त्याच सप्टेंबरात वडवाले झोपडीत राहायला आले, तोच प्रजा समाजवादी पक्ष, त्यातूनच राजापूरहून नाथ पै निवडून गेले १९५७ ला. पण तोवर समाजवादी नेते लोहिया वेगळे निघून गेलेले! काका हे सांगताना स्वतःच हसले.

मला मात्र ही चुलीची थिअरी सगळीकडे लागू होते असं वाटत नाही आणि मी तसं म्हटलं पण. पणतीवाला जनसंघ त्या घरातून फुटलेला नाही, आणि बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तर १९४२ पासूनचं. गंमत म्हणजे जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि आंबेडकर दोघेही नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते, पण पंगतीला बसलं म्हणून कुणी घरचं होत नाही. आणि खोती (कुळांकडून खंड वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत) रद्द करायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ ला आणलं ते पण काँग्रेसच्या नाही, स्वतःच्या स्वतंत्र मजूर पक्षातून. काका जरा गप्प झाले, मग म्हणाले, "खोताच्या नावाने तर इकडं सगळंच सुरू झालं." चरी गाव तिथून जवळच, १९३३ ते १९३९ कुळांनी खोतांची शेतं पडीक ठेवली, त्या संपावर ते अर्धा तास बोलले असते पण आतून काकींनी हाक मारली की ताटं निवतायत.

तक्रार: बिलात दोन सोलकढ्या जास्त लावलेल्या, दाखवल्यावर लगेच काढल्या. क्यूआर कोड भिंतीवर आहे पण रेंज नाही, कॅश न्या. हात धुवायच्या बेसिनचा नळ गळतो, पँट भिजते.

साडेतीन स्टार, सोलकढी सुधारली तर चार. जिताडा दोनच्या आत संपतो. खिडकीजवळच्या टेबलावर हत्ती आहे, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं चिन्ह, आमच्या वेळेला तिथे एक मोठं कुटुंब बसलेलं म्हणून बघायचा राहिला.